तीन मिनिटं बेचाळीस सेकंद

२ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्याने वाचू नकोस, बस. आपला लाडका बँड अठरा तारखेला इथल्या उन्हाळी संगीत महोत्सवात वाजवणार आहे. चौघेही तेच आहेत, फक्त केस गेलेत. बाबांच्या टेपवर त्या चौघांची ती एकच कॅसेट आपण किती वर्षं झिजवली! दोन तिकिटं काढली आहेत. दुपारी चारला, उघड्या मैदानात. टोपी आण. तुझ्या कानाचं ऑपरेशन बारा जूनला आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी येऊन जा. सबबी सांगू नकोस, तीस वर्षं वर्गात त्याच ऐकल्यात.

लोभ आहेच, टोपी आणलीस तर वाढेल.

तुझी ताई

६ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

येते. हे म्हणाले, ताईंना नाही म्हणण्यापेक्षा ऑपरेशन सोपं.

पण खरं सांगू, भीती वाटते. शिवणाच्या दुकानात माप घेताना गिऱ्हाईक पाठमोरं झालं, की मी आरशातल्या ओठांकडे बघते. डॉक्टर म्हणतात, कानातलं हाड घट्ट झालंय, ते बदलता येईल. पण आतली नस शाबूत असेल तरच उपयोग. ती गाणी मला मशीनवर बसले की मनात अजून लख्ख ऐकू येतात. समोर तशी ऐकू आली नाहीत, तर मनातलीही जातील.

तुझी माया अशीच दटावत राहो.

धाकटी

२० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तिथे तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. ऐकू आलं, पण सगळंच वेगळं. ज्यावर आपण दोरीच्या उड्या मारायचो ते कॅसेटवरचं तिसरं गाणं सावकाश, जड, खालच्या आवाजात आलं. कुणी ओढत नेल्यासारखं. तू तर मजेत ठेका धरला होतास, लोक नाचत होते. म्हणजे बिघाड माझ्यात, आणि तो हाडाचा नव्हे, आतला. मग चिरफाड कशाला? सोमवारी डॉक्टरांना नको म्हणून कळवते. रागावू नकोस. तुझ्यामुळे त्यांना डोळ्यांनी तरी पाहिलं.

या वेड्या बहिणीवर आहे तेवढी माया राहू दे.

धाकटी

२२ मे

चि. धाकटीस आशीर्वाद, आणि खबरदार डॉक्टरांना काही कळवलंस तर.

ते गाणं मलाही सावकाशच ऐकू आलं. माझे कान ठणठणीत आहेत. मला वाटलं, म्हातारे झाले बिचारे, हात चालत नाहीत. तुझा हिरमोड नको म्हणून मी गप्प, माझा नको म्हणून तू गप्प. शहाण्याच आहोत दोघी.

तुझं पत्र वाचलं आणि टेप काढला. कॅसेटच्या वेष्टनावर तिसऱ्या गाण्याची लांबी चार मिनिटं छापली आहे. घड्याळ लावून ऐकलं. तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. तीनदा ऐकलं, तेवढीच. मग मागचं झाकण उघडलं. लहानपणी टेप बंद पडला होता, तेव्हा बाबांनी दुकानात बसून पितळेची चकती घासून मोटारीवर बसवली होती, आठवतं? ती मूळ चकतीपेक्षा जराशी मोठी घडली आहे. त्यामुळे फीत जोरात पळते, आणि गाणं भरभर, चढ्या आवाजात वाजतं. गिऱ्हाइकाचं घड्याळ दिवसाला दहा सेकंद चुकलं तरी बाबांना जेवण जायचं नाही. आपण त्या घड्याळजीच्या मुली, आणि एकदाही घड्याळ लावून पाहिलं नाही. त्यातून मी पदार्थविज्ञान शिकवायची. ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जाता कामा नये.

तेव्हा त्या चौघांनी बरोबर वाजवलं, आणि तू बरोबर ऐकलंस. एवढा बारीक फरक ज्या कानाला कळला, तो आतून गेलेला नाही. हे मी सांगते. डॉक्टरांनाही सांगणार आहे. बारा तारीख ठरली ती ठरली. मी अकराला येते. माझी गादी खिडकीजवळ घाल.

ताई

३ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी कानातला बोळा काढला. कापड कापताना कात्री करकरते हे मी विसरलेच होते. सकाळभर चिंध्याच कापत बसले. ह्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या ताईंचं निदान बरोबर होतं, आणि पुन्हा येतील तेव्हा आधी कळवा.

ह्यांनी त्या गाण्याची नवी तबकडी आणली. नेमकी चार मिनिटं वाजते. छान आहे.

पण तू टेप दुरुस्तीला देणार आहेस असं ह्यांच्याकडून कळलं. हात लावू नकोस. चकती आहे तशीच राहू दे. मी रविवारी येते, आणि तिसरं गाणं बाबांच्याच वेगाने ऐकणार आहे. टोपी आणत नाही, दोरी आणते. गुडघ्यांची सबब चालणार नाही.

धाकटी