धवल्यांचा पत्ता

ऐरोली,
दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. निशांत यास,

आशीर्वाद. ते मतभेदांवर अवलंबून नसतात. माझी प्रकृती बरी आहे. सूनबाई स्मिता खुशाल असावी.

तुझ्या आईचा ब्लॉग तिच्या पश्चात तू नव्या सर्व्हरवर हलवलास. लेख उघडत होते. तिने माहेरी, करावे गावात, बायजाबाईंकडून टेपवर घेतलेले, लग्नात गायचे धवलेही वाजत होते. ते नव्या जागेतून वाजतात की जुन्या, असे मी विचारले होते. तू म्हणालास, "बाबा, वाजतंय ना? मग टेन्शन कशाला?" आणि या सोमवारी रात्री जुने खाते बंद केलेस.

वाजते, म्हणून हलले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता, तर मी उत्तरपत्रिका परत केली असती.

मंगळवारी करावेला गेलो होतो. बायजाबाईंची नात मनस्वी, तिची हळद शनिवारी आहे. धवले म्हणणारे त्या घरात आता कोणी उरलेले नाही, म्हणून मांडवात आजीचाच आवाज लावायचे ठरले होते. तपासून पाहावे म्हणून बायका स्पीकरभोवती बसल्या. मी बटण दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले. बायजाबाईंची सून भिमाबाई हातातले सूप खाली ठेवून म्हणाली, "जावयबापू, आमची सासू तुमच्या पोराच्या हातून दुसऱ्यांदा मेली म्हनायची."

तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालास, "गेलं असेल. तसंही कोण ऐकतं ते?"

मला किळस आली. चुकीची नव्हे; चूक दुरुस्त होते. न पाहता समाधान मानायचे, आणि हातचे गेले की त्याला किंमतच नव्हती असे ठरवायचे, या सवयीची.

शिवाय हाही निष्कर्ष तितकाच निराधार. वाजत नाही, म्हणून गेले? शेजारची नमिता हेच काम करते. तिच्या मते धवल्यांच्या फायली बहुधा ब्लॉगबरोबर नव्या जागी आलेल्या आहेत, पण तिथले फोल्डर निराळे असणार. डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक लेखात त्यांचा जुनाच पत्ता राहिला. आत गेल्याशिवाय ते कळत नाही, आणि पासवर्ड तुझ्यापाशी आहे. आधी डेटाबेसची प्रत काढ. मग जुना पत्ता कुठे कुठे आहे ते नुसते पाहा. मगच बदल. नाही तर पासवर्ड नमिताला दे. ती आज घरी आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले.

तिसऱ्या धवल्यात बायजाबाई श्वास घ्यायला थांबतात. तेवढ्यात एक बाई मुलाला दटावते, "गप रं निशू. आजी गाते हाय." ऐरोलीत ती असे कधी बोलली नाही. माहेरीच बोलत असे. तेवढे वाक्य मी रोज संध्याकाळी ऐकत होतो. कोण ऐकते, असे तू विचारलेस, म्हणून लिहिले.

ईमेलने धाडलेल्या या पत्राला उत्तर नको. उद्या संध्याकाळी मी बटण दाबीन.

बाबा