वाळवंटावरचा फुगा आणि तुझे तीर्थरूप

प्रिय मनी,

फोटो पाहिलेस आणि लगेच फोन केलास, "आई, फुग्यातून वाळवंट कसं दिसतं, सगळं सांग." मी "छान दिसतं" म्हणून फोन ठेवला. तुला राग आला असणार. पण तुझ्या बाबांविषयी तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी एक वाक्य बोलायचं आणि तू त्यावर लगेच पांघरूण घालायचं, असंच आजवर चालत आलंय. कागदाला मधेच तोडता येत नाही. म्हणून लिहायला बसले. चहा करून घे आणि निवांत वाच, पत्र लांबणार आहे.

तुझ्या तीर्थरूपांच्या 'निर्भय जीवन' शिबिराचा थाट तू कधी जवळून पाहिला नाहीस. विमा कचेरीत होते तेव्हा साहेबांनी आतून नुसतं खाकरलं तरी हातातला कप ठेवून धावत जाणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना साक्षात्कार झाला, की आपण कधी कुणाला भ्यायलोच नाही. मग सभागृहं, मग पाठीमागे स्वतःचाच भला मोठा फोटो, आणि मग ही शिष्यमंडळी. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. सर जेवताना काही बोलले तरी कुणीतरी ते लिहून घेतं. "मीठ जरा कमी आहे" हेसुद्धा एका बाईनं टिपून घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

या वेळी शिबिर वाळवंटात. तंबू, गालिचे, आणि शेवटच्या दिवशी पहाटे गरम हवेच्या फुग्यातून सूर्योदय. "उंचावर भीती मरते," असं पत्रकावर छापलं होतं. मी येणार नव्हते. पण "सरांच्या पत्नीशिवाय फोटो अपुरा दिसतो" असं फोटोग्राफरचं मत पडलं, आणि मलाही वाळवंट पाहायचं होतं, खोटं कशाला बोलू. तुझ्या बाबांनी खास नारिंगी रंगाचं जाकीट घेतलं होतं. दुरूनही आपण ओळखू यावं म्हणून. हे त्यांचेच शब्द.

शिबिरात एक ग्रंथपाल बाई होत्या. शांत, नीटनेटक्या, वाक्य पूर्ण करून बोलणाऱ्या. त्यांना उंचीची भीती. त्यांच्या शाळेनं ग्रंथालय वरच्या मजल्यावर नेलं तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून, कठड्याकडे न बघता जिना चढतात. तरी एक दिवस चुकवला नाही. मला विचारशील तर त्या जिन्यावरच त्यांचं शिबिर रोज होतंय. पण तुझ्या बाबांना त्यात खाद्य दिसलं. आदल्या संध्याकाळी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं, जिना कसा चढता ते करून दाखवायला लावलं, आणि लोक हसले. बाईही हसल्या. माणूस अपमान झाल्यावर जसं हसतो तसं.

मनी, मी आयुष्यभर ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी उभी राहून लोकांना भूल देत आले. भलेभले पैलवान, पोलीस अधिकारी, गावावर दरारा असलेले पुढारी, सुई टोचायच्या आधी सगळ्यांनी माझा हात घट्ट धरलाय. कुणी आईला हाक मारली, कुणी माझ्या एप्रनची बाही सोडेना. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कधीच कळलं नाही. उलट "मला काही वाटत नाही हो डॉक्टर" म्हणणारा आला की मी त्याच्या नाडीकडे जास्त लक्ष द्यायची. आणि मी लग्न केलं ते अशाच एका नाडीशी. असो.

पहाटे जीपमधून मैदानात गेलो. थंडी हाडांत शिरत होती. वाळूवर दोन फुगे लोळत पडले होते, सुरकुतलेले, अवाढव्य. पंख्यानं आत हवा भरत होते. मग ज्वाळा सुटली, भर्रकन, आणि ते कापड कण्हत कण्हत उभं राहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मी सगळी चीड विसरले. वेताची भली मोठी टोपली, कडांना कातडं शिवलेलं, पाय ठेवून चढायला बाजूला खाचा. आम्ही निम्मे एका टोपलीत, निम्मे दुसऱ्या. ग्रंथपाल बाई खालीच उभ्या. "सर, मी इथूनच बघते. मला खरंच नाही जमणार." तुझे बाबा थेट फोटोग्राफरकडे बघून म्हणाले, "आज खाली थांबलात तर जन्मभर खालीच राहाल." आणि कोपर धरून त्यांना जवळजवळ टोपलीत लोटलं. टाळ्या. मग स्वतः चढले. आत आले, काठ धरला, ज्वाळा पुन्हा भडकली आणि टोपली एकदा हलली. मला त्यांचं तोंड दिसलं. पिठासारखं. लगेच म्हणाले, "त्या दुसऱ्या गटाला माझी जास्त गरज आहे, मी तिकडे जातो," आणि भरभर उतरून अंधारात गेले. मला वाटलं, गेले असतील तिकडे.

आम्ही वर निघालो. चढतोय असं वाटतच नाही गं, जमीनच खाली सरकते. डोक्यावर ज्वाळेची धग आणि पाय गारठलेले. ज्वाळा बंद झाली की इतकी शांतता, की खाली कुठल्यातरी वस्तीतलं कुत्रं भुंकलेलं स्वच्छ ऐकू आलं. वाळूच्या लाटा आधी राखाडी होत्या, मग एका बाजूनं तांबूस झाल्या, मग सूर्य आला. त्याचं वर्णन करणार नाही. तुझे बाबा करतात ते वर्णन, आणि त्यानंतर माझी त्या शब्दांवरची वासनाच उडालीय.

ग्रंथपाल बाई टोपलीच्या तळाशी बसल्या होत्या, डोळे गच्च मिटून. मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला, म्हटलं, बघायची काही सक्ती नाही. श्वास सोडायला विसरू नका, एवढंच. बराच वेळ आम्ही दोघी तशाच. बाकीचे सगळे उगवतीकडे तोंड करून फोटो काढत होते. पाय आखडले म्हणून मी उभी राहिले आणि मावळतीच्या बाजूनं सहज खाली वाकले. आमच्या फुग्याची लांबलचक सावली वाळूवर पडली होती, तिच्या कडेला आमच्या जीप, आणि जीपजवळ एक नारिंगी ठिपका. ठिपका कपातून काहीतरी पीत होता.

उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, जमिनीवरून फुगे हाकणारा पहिल्यांदा पाहिला. आम्हाला वाटत होतं सर तिकडे आहेत, तिकडच्यांना वाटत होतं सर आमच्याकडे आहेत, आणि सर गरम चहा पीत होते. मी हसले, मनी. मोठ्यानं हसले. फुगा चालवणाऱ्याला वाटलं मला भीतीनं काहीतरी झालं.

उतरताना वारा फिरला. गुडघे वाकवा, दोर धरा, असं तो ओरडला. टोपली आपटली, कलंडली आणि फुग्यानं आम्हाला बरंच अंतर फरफटत नेलं. तोंडात, कानात, सगळीकडे वाळू. कुणाला फार लागलं नाही. फक्त ग्रंथपाल बाईंचं मनगट मोडलं. मी स्कार्फ सोडून हात बांधत होते तेवढ्यात जीप आली आणि नारिंगी जाकीट उडी मारून उतरलं. "आमचा फुगा आधीच उतरला, तुमच्याच काळजीत होतो." मग त्यांचं लक्ष बाईंकडे गेलं. विचारलं का, कुठे दुखतंय? नाही. त्यांचा धडधाकट हात धरून पैलवानाचा वर करतात तसा वर केला आणि फोटोग्राफरला म्हणाले, "घे, हा घे! भीती मेली तो क्षण!" तुला आवडलेला फोटो तो हाच. त्यात बाईंच्या गालांवर जे चमकतंय ते आनंदाश्रू नाहीत. मोडलेलं मनगट खाली लोंबतंय, ते फोटोत कापलंय.

इथे तू म्हणशील, बाबा तसेच आहेत, पण मनानं चांगले आहेत. तू सात वर्षांची असताना त्यांनी तुला तरणतलावाच्या खोल बाजूला उचलून फेकलं, ती गोष्ट तू पाहुण्यांना हसत हसत सांगतेस. "आणि मी पोहायलाच लागले!" म्हणतेस. मी तेव्हा दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा तू कपाटात बसली होतीस, ओल्या कपड्यांत, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाहीस. आणि पोहायला तू शिकलीस कॉलेजात गेल्यावर, मैत्रिणींबरोबर. तू हे विसरली आहेस. बरंच झालं, असं मला आजवर वाटायचं.

तर पुढे ऐक. बाईंच्या हाताला प्लास्टर घालून आम्ही तंबूत परतलो तेव्हा समारोप सुरू झाला होता. सर व्यासपीठावर उभे राहून सूर्य कसा दिसला ते सांगत होते. "वर, त्या अथांग पोकळीत, मी स्वतःला विचारलं, तू कोण आहेस?" लोक माना डोलावत होते. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, एक शंका आहे. जीपच्या बाजूला उभं राहून चहा पिताना सूर्य कसा दिसला?"

दोन्ही फुग्यांतले लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि हळूहळू हिशेब जुळला. मला वाटलं, संपलं. आता तरी हा बाजार उठेल. तुझ्या बाबांनी चष्मा काढला. खाली बघितलं. मग भरल्या गळ्यानं म्हणाले, "हो. मी वर गेलोच नाही. मला भीती वाटली. आणि हे तुमच्यासमोर कबूल करायला जे धैर्य लागतं, तेच मला आज तुम्हाला द्यायचं होतं."

काय सांगू तुला! लोक उठून उभे राहिले. रडले. गळ्यात पडले. टाळ्यांनी तंबूचं कापड थरथरलं. ग्रंथपाल बाईंचा एक हात गळ्यात बांधलेला, तर त्या दुसऱ्या हातानं मांडीवर थापा मारून टाळ्या वाजवत होत्या. ज्या माणसानं त्यांना लोटलं आणि स्वतः पळाला, त्याच्यासाठी. त्या क्षणी मला तुझ्या बाबांपेक्षा त्या तंबूभर माणसांची जास्त शिसारी आली. चोर पकडून द्यावा आणि गावानं त्याची मिरवणूक काढावी, तसं झालं. बाई मला नंतर म्हणाल्या, "सर किती मोठे आहेत हो." मी म्हटलं, "हात उंचावर ठेवा, सूज उतरेल."

तरीही मी घरी परतले असते. इतकी वर्षं काढली, आणखी निघाली असती. पण परतीच्या गाडीत तुझे बाबा खुशीत होते. शीळ घालत होते. मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अगदी योग्य वेळी विचारलंस. काय परिणाम झाला बघ! पुढच्या शिबिरातही असंच उठून विचारशील का? फक्त जरा आणखी रागानं विचार." थट्टा नव्हती ती. पुढच्या वेळी मी कुठे बसायचं, माइक कुणी माझ्यापुढे धरायचा, तेही ठरवून झालं होतं. माझा तिरस्कारसुद्धा त्यांनी त्यांच्या कार्यक्रमात बसवून टाकला, मनी. माझ्याकडे तेवढंच तर उरलं होतं.

त्या दिवसापासून मी त्या घरात राहत नाही. चष्म्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्यात. खिडकीतून रस्ता दिसतो, स्वयंपाकघर एवढंसं आहे, आणि कुणीही भाषण करत नाही. बाबांनी तुला सांगितलं नसणार. बहुतेक पुढच्या भाषणासाठी राखून ठेवलं असेल.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. काल तू फोनवर जाता जाता म्हणालीस, की तुझी छकुली अजून दिवा चालू ठेवल्याशिवाय झोपत नाही, म्हणून सुट्टीत तिला बाबांच्या मुलांच्या शिबिरात पाठवतेयस, आणि शनिवारी ते स्वतः गाडी घेऊन तिला न्यायला येणार आहेत. मी त्यांच्या टेबलावर त्या शिबिराचा आराखडा पाहिलाय. त्यात एक अंधारी खोली आहे, बाहेरून कडी आहे, आणि आत फोटोग्राफर आहे. पाच वर्षांची पोर आहे ती. तिला नको पाठवूस. वाद घालायचा तर माझ्याशी घाल, रागव, बोलू नकोस महिनाभर, पण तिला त्या गाडीत बसवू नकोस. मी शुक्रवारी दुपारच्या गाडीनं तुझ्याकडे येतेय. सुट्टीभर ती माझ्याकडे राहील, दिवा लावून झोपेल, हवे तेवढे दिवे लावून झोपेल. तिची पिशवी भरून ठेव.

या वेळी वेळेवर पोचणारी,
तुझीच,
आई