देवाची शाल मागे राहिल्याबाबत

प्रति,
मा. सुभेदारसाहेब,
अश्शूर साम्राज्याचा नवा सुभा (कालपर्यंतचे राज्य बीत-अरूम),
मुक्काम आमच्याच राजांच्या महालात.

विषय: आपल्या राजधानीस स्वखुशीने गेलेल्या आमच्या देवाची शाल पोहोचती करणेबाबत.

संदर्भ: आपण वेशीवर उभा केलेला विजयाचा दगड.

महोदय,

अर्जदार शलमत तेलाचा घाणा चालवते. देवाची वस्त्रे धुण्याचा मान तिच्या घराकडे आहे. दरबारचे लेखनिक राजांच्याही आधी पळाले, म्हणून हा अर्ज ती स्वतःच लिहीत आहे. तेलाच्या बुधल्यांवरच्या खुणा वाचत ती अक्षरे शिकली. त्यांत दरबारी गोडवा सापडला नाही तर नाइलाज आहे.

बंड फसले, याबद्दल तक्रार नाही. आमचे अझीलू महाराज देवाच्या शालीचा पदर धरून आपल्याशी इमानाची शपथ वाहून बसले होते. दोन सुग्या उलटल्या नाहीत तोच मिसरच्या फॅरोचा वकील येऊन म्हणाला, "तुम्ही खंडणी तेवढी थांबवा, आमचे रथ निघालेच समजा." ते रथ अजून वाटेत आहेत. चाकांना वंगण म्हणून आमचे तेल आगाऊ नेले होते, पुरले नसावे. वेढ्यात आम्ही चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले. महाराज सांडपाण्याच्या नळातून बाहेर पडले. पुढे सापडले, पाया पडले, आणि आता आपल्या पंगतीला बसतात असे कळते. आनंद आहे. ज्यांना बंड झाल्याचे वेस फुटल्यावर समजले, ती माणसे मात्र कैद्यांच्या काफिल्यातून आपल्या राजधानीत महाराजाधिराजांचा नवा महाल बांधायला निघाली आहेत.

त्यांत मत्तान पाथरवट आहे. अर्जदाराची मुलगी आसा हिचे त्याच्याशी लग्न ठरले आहे. नवराबायकोची ताटातूट करायची नाही असा आपला हुकूम आहे, हा मोठेपणाच म्हणायचा. पण आमच्यात वधूवरांनी देवासमोर उभे राहून त्याच्या शालीचा पदर धरल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि देव तर आपल्या सैन्याच्या गाड्यावर चढून गेला. अर्जदाराने आपल्या कारकुनाला विनवले, की आसाला काफिल्यात घ्या. तो हसला. "अगं म्हातारे, पोरी न्यायच्या म्हटलं की आया ऊर बडवतात, आणि तू ने म्हणून रडतेस? आधी लग्न लावून आण जा."

"देव द्या, आत्ता लावते."

"देव काय आम्ही पळवलाय होय? दगडावर वाच की! तुमच्यावर रुसून आपल्या पायांनी आलाय तो."

अर्जदाराने जाऊन वाचले. खरेच तसे कोरले आहे: हदद देव आपल्या पापी प्रजेवर रुसला आणि आनंदाने महाराजाधिराजांच्या घरी पाहुणा आला. त्याला दोरखंडांनी आवळले होते, तो पाहुणचाराचाच भाग असावा.

तेव्हा आता ही विनवणी नाही, आठवण आहे. वेस फुटली त्या दिवशी देवाची शाल आसाने धुऊन दोरीवर वाळत टाकली होती. म्हणजे आपला पाहुणा उघडाच आला आहे. तिकडे थंडीने हाडे फुटतात, हे आपलेच शिपाई सांगतात. पाहुण्याला उघडा बसवणे आपल्या घराण्याला शोभत असेल तर प्रश्नच मिटला. दगडावर तेवढी एक ओळ वाढवावी. शोभत नसेल तर शाल पाठवावी लागेल. आणि देवाच्या अंगावरून उतरलेल्या शालीला आमच्या घरातल्या कुमारिकेखेरीज कोणी हात लावला तर देव रुसतो. तो रुसला की काय करतो, हे आपणच दगडावर कोरून ठेवले आहे.

अशी कुमारिका एकच आहे. तिला मत्तानच्या काफिल्याबरोबर धाडावे. देवाच्या अंगावर शाल चढली, की दोघांना क्षणभर पदर धरू द्यावा. अर्जदार इथेच राहील. घाण्याला माणूस लागते आणि आपल्या दिव्यांना तेल.

हरलेल्यांनी असावे तितकी नम्र,

शलमत
(नखाचा ठसा. शिक्का लुटीत गेला.)

दिनांक: काफिला निघण्याच्या आदला दिवस.

सोबत: शाल. ती घेऊन आसा आपल्या दाराशी उभी आहे.