दाराजवळच्या खुर्चीतला माणूस

प्रिय क्लिओटिस,

पत्र पाहून तू दचकशील. आपलं बोलणं रविवारी फोनवर होतं, तेही तुझे गुडघे, माझा रक्तदाब आणि तुमच्या मिलवॉकीचा बर्फ एवढ्यावरच. कुणी गेलं म्हणून मी लिहायला बसले असं समजू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फक्त हे वाचताना उभा राहू नकोस, खुर्चीत बस.

गावात वसंतापासून एक नवं प्रकरण सुरू झालंय. गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ओहायोहून नवे पाद्री आलेत, त्यांची बायको पॉलीन. ती एका रविवारी आपल्या चर्चमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, या गावात जे घडलं ते आपण एकमेकांसमोर बसून बोलू या, म्हणजे मनं मोकळी होतील, जखमा भरतील. अर्नेस्टीन माझ्या शेजारी होती. ती पुटपुटली, "जखम कुणाची आणि मलम कुणाला, ते आधी विचार हिला." तुला अर्नेस्टीन आठवते ना, टेलरांची? नवरा गेल्यापासून तिची जीभ आणखी धारदार झालीय.

तरी आम्ही दोघी गेलो. मला काही मोकळं बिकळं करायचं नव्हतं, मी पाळत ठेवायला गेले. लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफी घ्यायची आणि बोलायचं. ज्याच्या हातात पॉलीनचा लाकडी चमचा असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अर्नेस्टीनच्या हातात तो पहिल्यांदा आला तेव्हा तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "याच्यावर काही खायला असतं तर बरं झालं असतं." गोरे खूप हसले. जरा जास्तच हसले. ते आमच्याशी बोलताना असेच हसायचे, काचेचं भांडं हातात असल्यासारखे.

पहिले काही शनिवार गोड गेले. कुणाची आजी आपल्या स्वयंपाकिणीवर किती प्रेम करायची, कुणाला काळा-गोरा भेद म्हणून दिसतच नाही, असं सगळं. मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. मला एकच प्रश्न पडला होता, आत्ताच का? मग उत्तर मिळालं. नगरपालिकेला जुन्या पोहण्याच्या तलावाच्या जागी बाग करायचीय, आणि उद्घाटनाच्या फोटोत आमचे चेहरे हवेत. तो तलाव. कोर्टाने आपल्या मुलांनाही आत घ्या म्हटल्यावर ज्याच्यात यांनी ट्रकच्या ट्रक माती ओतली तो. बागेतल्या पाटीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं: तलाव दुरुस्तीच्या खर्चामुळे बंद करण्यात आला. मी पॉलीनला म्हटलं, "बाई, तुमच्या जखमा फार लवकर भरतात." ती बिचारी लाल झाली. तिला खरंच माहीत नव्हतं, हे मला नंतर पटलं. पण तेव्हा मी कुणालाच बिचारं म्हणायच्या मनःस्थितीत नव्हते.

त्यातच तो माणूस. हार्लन स्ट्राउड. नाव वाचून थांबला असशील. हो, शेरीफला तुझ्याबद्दल सांगणाऱ्या त्याच स्ट्राउडचा मुलगा. आता केस पूर्ण पांढरे झालेत, पण जबडा बापाचाच. तो प्रत्येक शनिवारी यायचा, दाराजवळची खुर्ची धरायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा. चमचा आला की न बोलता पुढे द्यायचा. आणि माझ्याकडे बघायचा. मी वर पाहिलं की नजर जमिनीकडे.

मग एकदा खुर्च्या आवरताना माझ्याजवळ आला आणि विचारलं, "व्हर्लीनबाई, तुमचा भाऊ असतो कुठे? क्लिओटिस? आहे ना अजून?" स्ट्राउडच्या घरातल्या माणसाच्या तोंडून तुझं नाव. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. आमचं बोलणं नसतं." धडधडीत खोटं. पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा विचारलं, पत्ता तरी मिळेल का म्हणून. घरी येताना अर्नेस्टीन म्हणाली, "जमीन असणार. नदीकाठचा तुकडा तुम्हा दोघांच्या नावावर आहे ना? वर्षभर कुणीतरी काठच्या जमिनी गोळा करतंय. गोऱ्यांना आपली आठवण येते ती सहीपुरती." मला ते तंतोतंत पटलं. मी कागदपत्रं काढून अर्नेस्टीनच्या घरी ठेवून आले. माझ्या घराच्या मागच्या दाराला नवी कडी बसवली. हसू नकोस.

मग गेल्या शनिवारी पाटीवरून वाद झाला. मी चमचा घेतला आणि म्हटलं, मजकूर मी सांगते. तो उन्हाळा मी सांगितला. कोर्टाचा निकाल आल्यावर आईने धाकट्या ड्यूइटला दुकानातून पोहण्याची लाल चड्डी आणली होती, तलावात पोहणारा आपल्या घरातला तो पहिलाच होणार होता, आणि तो घरात ती चड्डी घालूनच जेवायला बसायचा, हे सांगितलं. मग तलाव बुजवला. पोरांना उकडायचं ते उकडायचंच, म्हणून ती नदीवर गेली. नदीने माझा सात वर्षांचा भाऊ नेला. मी म्हटलं, दुरुस्तीचा खर्च तो एवढा. पाटीवर लिहायचं असेल तर हे लिहा.

मग हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण, वाईट बाई नाही ती, हळूच म्हणाली, "फार वाईट झालं. पण तेव्हा असं ऐकलं होतं की मोठा भाऊ त्याला तसाच टाकून पळून गेला. तो थांबला असता तर..." क्लिओटिस, मी उठलेच. काय करणार होते देव जाणे. पण माझ्याआधी दाराजवळची खुर्ची सरकली. हार्लन स्ट्राउड उभा होता. त्याने चमचा मागितला नाही. म्हणाला, "तो पळाला नव्हता. मी तिथे होतो."

आता त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. तो नऊ वर्षांचा होता, बापाबरोबर होडीत मासे धरत होता, पलीकडच्या काठाला, पाण्यावर झुकलेल्या विलोच्या फांद्यांखाली. त्याने ड्यूइटला खोल पाण्यात जाताना पाहिलं. तुला उडी मारताना पाहिलं. तू खाली गेलास, वर आलास, पुन्हा गेलास, किती वेळा ते तो मोजू शकला नाही. तुझ्या नाकातून रक्त येत होतं. मग तू काठावर येऊन शर्ट काढलास, पँटला बांधलास आणि दोरासारखा त्याच्याकडे फेकलास. बाही ड्यूइटच्या हातात आली आणि फाटली. हे ऐकलं आणि तो खरंच तिथे होता हे मला कळलं. त्या बाहीचं तू फक्त मला सांगितलं होतंस, मागच्या पायरीवर, आणि मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तो म्हणाला, "मी होडीचा दोर सोडायला गेलो. बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, गप्प बस, ते आपलं काम नाही. मग तो मोठा मुलगा रस्त्याकडे धावला, ट्रक थांबवायला. शेरीफ आला तेव्हा बाबांनी सांगितलं की पोरगा पळाला. मी शेजारीच उभा होतो."

पॉलीन रडत होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आपण सगळे हात धरू या असं काहीतरी म्हणू लागली. मी तिचा हात बाजूला केला. अर्नेस्टीन म्हणाली, "बाईसाहेब, आज राहू द्या." आणि पॉलीन आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

तो माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आला. मी विचारलं, "इतकी वर्षं कुठे होतास?" म्हणाला, "इथेच. तुमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. बाबा असेपर्यंत हिंमत झाली नाही, आणि ते गेल्यावर न बोलायची सवय झाली होती." मी म्हटलं, "माफी मागायची असेल तर माझ्याकडे नाही." तो म्हणाला, "मागत नाही. फक्त त्याला सांगायचंय. आणि कोर्टात जाऊन शपथेवर लिहून द्यायला तयार आहे." जमिनीचं म्हणशील तर त्याने शब्दही काढला नाही. मी तुझा पत्ता दिलेला नाही. सोमवारी अर्नेस्टीनच्या भाच्याकडून चौकशीही केली, जमिनी घेणाऱ्यांत स्ट्राउडचं नाव नाही. तरी त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. आजारी असेल, मरायच्या आधी छातीवरचं ओझं उतरवत असेल, ते ओझं उतरवून तुझ्या दारात ठेवत असेल. मला त्याच्याबद्दल काहीच ठरवायचं नाही. त्याच्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. तू नाही म्हणालास तर तो इकडून एक पाऊलही पुढे येणार नाही, ते मी बघेन.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. आपल्या बाबांनी त्या संध्याकाळी तुला एकदाच विचारलं, "पळालास?" तू म्हणालास, "मी आत गेलो होतो," आणि त्यानंतर ते मरेपर्यंत दोघांत त्यावर शब्द झाला नाही. तू अठराव्या वर्षी बस पकडलीस आणि फक्त प्रेतयात्रांना परत आलास. तिकडे एवढं मोठं सरोवर आहे, पण तू कधी त्याच्या काठावरही जात नाहीस, हे मला वहिनीने सांगितलंय. मी तुझ्यावर तेव्हाही विश्वास ठेवला होता, पण बहिणीचा विश्वास वेगळा. आता दुसऱ्या माणसाने, त्याच स्ट्राउडच्या मुलाने, गावासमोर उभं राहून सांगितलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणून विषय गुडघ्यांवर नेला असतास. म्हणून लिहिलं. हे तुझ्या हातात राहू दे, हवं तेव्हा पुन्हा वाच: तू आत गेला होतास, क्लिओटिस. कुणीतरी पाहत होतं.

तुझीच, कायमची,
व्हर्लीन