राजापुढे त्या रात्री काय आणलं नाही

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या लग्नाच्या आधीपासून. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बघू’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून लिहायला बसले.

मागच्या आठवड्यात छापखान्याचे मालक स्वतः घरी आले. पवित्र शास्त्राच्या नव्या भाषांतराची प्रुफं तुझे बाबा अर्धी तपासून गेले, उरलेली मी पुरी करावीत, असं मालक म्हणाले. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई. तर म्हणतात, वहिनी, तीस वर्षं हस्तलिखित तुम्हीच मोठ्यानं वाचत होता, ते प्रुफावर पट्टी धरून बसायचे. खरंच आहे म्हणा. मी स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा बोलून दाखवायची, आणि बाबा म्हणायचे, हिच्या भांडणातही विरामचिन्हं ऐकू येतात. आता एकटीच वाचते, एकटीच पट्टी सरकवते. चुका निसटतात.

एका पानावर अडले. सिंहांच्या गुहेची गोष्ट तुला लहानपणी पाठ होती. दरबारी घोळक्यानं राजाकडे येतात, फर्मानावर त्याची सही घेतात, आणि त्या सहीपायी त्याचाच आवडता माणूस सिंहांपुढे टाकला जातो. त्या रात्री राजा उपाशी राहतो, त्याला झोप येत नाही, आणि त्याच्यापुढे ‘दहवान’ आणले जात नाही. शब्द अरामी भाषेतला. सगळ्या शास्त्रात एवढ्या एकाच ठिकाणी येतो, त्यामुळे अर्थ कुणालाच धड ठाऊक नाही. बाबांच्या टिपणवहीत बघितलं. कुणी म्हणतं वाद्यं, कुणी जेवणाची ताटं, कुणी नाचणाऱ्या बायका, कुणी अत्तरं. भाषांतर करणाऱ्या पंडितांनी बिनधास्त ‘वाद्ये’ लिहून टाकलंय. बाबांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून समासात लिहिलंय, ‘माहीत नसेल तर तसं तळटीपेत सांगा.’ ठाऊक नसलेल्या जागी गोड शब्द भरायचा नाही, हा त्यांचा नियमच होता.

पंडितांना फोन केला. हसले, म्हणाले, बाई, वाचकाला गोष्ट हवी असते, शंका नको. मी म्हटलं, मलाही गोष्टच हवी आहे, पण आहे तेवढीच. म्हणाले, यजमानांचं वारं लागलंय तुम्हाला. मी म्हटलं, तीस वर्षं एका टेबलाशी बसल्यावर दुसऱ्या कुणाचं लागणार. शेवटी तळटीप घालायला कबूल झाले.

तरी तो शब्द डोक्यातून जाईना, कारण परवा सूनबाईचा फोन आला. तू गाणी लावत नाहीस, भरल्या ताटावरून उठतोस, पोरगी मांडीवर चढली की तिला खाली ठेवतोस. विचारलं तर एवढंच म्हणतोस, सही मी केली. तेव्हा वाटलं, विद्वानांनी उगाच डोकं शिणवलं. ज्यानं जिवाला बरं वाटलं असतं ते सगळं राजानं दाराबाहेर ठेवलं, इतकंच असणार. पण त्याचा माणूस सकाळी गुहेतून जिवंत निघाला. तुझे बाबा ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाहीत. सात महिने झाले, तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस.

आता ज्यासाठी लिहितेय ते सांगते. त्या दुपारी डॉक्टर, काका, आत्या, सगळे ऑपरेशनच्या संमतीचे कागद घेऊन तुझ्याभोवती जमले होते. तू माझ्याकडे वळून विचारलंस, आई, बाबांचं काय म्हणणं आहे? मी म्हणाले, ते काही बोलले नाहीत, तू ठरव. मी खोटं बोलले. सकाळी मी त्यांची नखं कापत होते तेव्हा ते स्वच्छ म्हणाले होते, मला चिरू देऊ नकोस, उरलेत ते दिवस घरी काढतो. मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढचं बोट धरलं. मला ते आणखी हवे होते रे. डॉक्टर म्हणत होते, शंभरातले चाळीस वाचतात. त्या चाळिसांच्या आशेनं मी त्यांचा शब्द गिळला. तुला कळलं असतं तर तू सही केली नसतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. सात महिने माझं ओझं तू वाहिलंस आणि मी वाहू दिलं. आता रागव, वर्षभर बोलू नकोस, काय करशील ते मला मान्य आहे. पण तो राग इकडे पाठव, घरच्या पत्त्यावर. स्वतःजवळ ठेवू नकोस, तो तुझा नाही.

तुझीच, जशी आहे तशी,
आई