ट्रान्स्फर संपेपर्यंत

३ मार्च, सोमवार
उशीर झाला, कबूल. वही जानेवारीत आणली आणि पहिलं पान आज उघडतोय. माफी असावी. दोष माझा नाही. आधी पेन सापडत नव्हतं, मग चष्मा, मग सापडलेल्या चष्म्यातून दिसत नव्हतं.

लिहिण्याजोगं आता काही घडलंय. मी पाणीपुरवठ्याच्या नकाशाखोलीचा माणूस. गावातल्या प्रत्येक पाइपचा नकाशा पूर्वी कपाटात होता, आता एका डिस्कमध्ये आहे. कचेरी नव्या इमारतीत गेली. टेबलं गेली, पंखे गेले, साहेब गेले. डिस्क तेवढी राहिली. ती या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, तारेतून, नव्या इमारतीतल्या मोठ्या मशीनवर पाठवायची. त्या एका मशीनच्या पोटात म्हणे सहा मशीनं आहेत, दिसत एकही नाही. पाठवण्याला ट्रान्स्फर म्हणतात. मी निवृत्त होऊन दोन महिने झाले, तरी साहेबांनी ठेवून घेतलं. म्हणाले, ट्रान्स्फर संपेपर्यंत या, मग त्या खोलीला कुलूप.

घरी सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे दोन दिवस. म्हटलं, इतकं सोपं नसतं ते.

४ मार्च
सकाळी नऊला नव्या इमारतीतल्या इंजिनीअर बाईंनी फोनवर सांगून सांगून बटणं दाबायला लावली. सुरू झाली! म्हणाल्या, काका, चौदा तास लागतील, तोवर डिस्क लॉक राहील, कुणालाही नकाशा उघडता येणार नाही. मी नववीपर्यंतच शिकलो, पण गणित पक्कं आहे. कचेरी आठ तास. आठ आणि आठ सोळा. उद्या दुपारी तीनला काम फत्ते.

पाच वाजता सत्तावन्न टक्के. दिवा, कॉम्प्युटर, सगळं बंद करून निघालो. चौतीस वर्षं या कचेरीतलं शेवटचं बटण मीच बंद करत आलो. असा माणूस आता मिळायचा नाही.

५ मार्च
ट्रान्स्फर अडकली. पडद्यावर आलंय, 'पॉज्ड बाय सिस्टिम'. डिस्कवर कुलपाचं चित्र. बाईंनी तिकडून जुनी ट्रान्स्फर रद्द केली, लॉक सोडवलं, पुन्हा शून्यापासून सुरू करायला लावली. विचारत होत्या, काका, लाइट गेली होती का? छे, म्हटलं.

सिस्टिम म्हणजे नेमका कोण, ते विचारायचं राहून गेलं.

पाचला बावन्न टक्के. सगळं बंद. उद्या सोक्षमोक्ष.

६ मार्च
अडकली. शून्य. पाचला त्रेपन्न. बंद करून घरी.

७ मार्च
अडकली. आता मात्र संशय येतो. मी गेल्यावर कुणीतरी येऊन बंद करतं. दुसरी किल्ली फोरमनकडे असते, त्याची पान्ह्यांची पेटी अजून इथल्या कोपऱ्यात आहे. त्याला आडून विचारलं. तर म्हणाला, अहो आजोबा, मला माझा मोबाइल चालू करता येत नाही, तुमचं मशीन कशाला बंद करू! उत्तर फार पटकन दिलं. लक्ष ठेवायला हवं.

१० मार्च
बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, पाठवणारा कॉम्प्युटर मध्येच बंद झाला की पलीकडचं मशीन वाट बघत बसतं आणि डिस्क लॉकच राहते. मग हळूच विचारलं, काका, तुम्ही तर बंद करत नाही ना? म्हटलं, बाई, चौतीस वर्षं! त्या ओशाळल्या. मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून कॉम्प्युटरवर चिकटवली, 'बंद करू नये'. बरं केलं. लोकांना लेखी लागतं.

संध्याकाळी चिठ्ठीचा मान राखला. कॉम्प्युटरला बोट लावलं नाही. दाराजवळचा मेन स्विच तेवढा खाली केला.

११ मार्च
अडकली. चिठ्ठी असून! शिस्त म्हणून राहिली नाही.

ही विचारत होती, माळ्यावरचं सामान काढायचंय, सुटताय कधी? म्हटलं, अख्ख्या गावाचं पाणी माझ्या डिस्कवर आहे. तर म्हणते, अहो, आपल्या मोरीतला नळ महिनाभर गळतोय, त्याची डिस्क कुठंय?

शेजारचे मास्तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सकाळी पेपर वाचतात, दुपारी तोच पेपर वाचतात. काल मला विचारलं, आज वार कोणता? पेपर मांडीवरच होता. मला त्याचं काही नाही. मी काही घाबरत नाही. सहज लिहिलं.

१३ मार्च
भानगड. चौकात मोठा पाइप फुटला. फोरमनचा फोन, आजोबा, व्हॉल्व्ह कुठाय? नकाशा बघायला जावं तर डिस्क लॉक. पण मी कशाला आहे? पाठ आहे सगळं. सांगितलं, शाळेच्या मागच्या भिंतीशी, तिसरं झाकण. त्याने तिसरं फिरवलं. चौकातलं पाणी होतं तसंच, साहेबांच्या गल्लीचं बंद. साहेब तोंडाला साबण लावून उभे.

झाकण दुसरं होतं. चौतीस वर्षांत एका झाकणाने चुकलो, तर केवढा गहजब!

साहेबांनी फोनवर सांगितलं, सोमवारपर्यंत झालं नाही तर दुसरा माणूस बसवतो. दुसरा माणूस. माझ्या खुर्चीत.

चोर उद्या पकडणार.

१५ मार्च, शनिवार. अंथरुणातून
काल पाच वाजता बेत अमलात आणला. सगळं मुद्दाम चालू ठेवलं आणि कपाटामागे उभा राहिलो. चोर आला की झडप घालायची आणि मग नेहमीप्रमाणे बंद करून घरी. पाऊण तासाने दार वाजलं. झडप घातली. फोरमन होता, पान्हा न्यायला आलेला. झडप अर्धीच झाली, कारण कंबर धरली. वर होता येईना, खाली होता येईना. तो म्हणाला, आजोबा, तुम्हीच लॉक झालात की! हसत हसत पाठीवर घेऊन निघाला. मी ओरडून सांगितलं, अरे, आधी बटणं बंद कर. त्याने चिठ्ठी वाचली. म्हणाला, बंद करू नये असं लिहिलंय, आता मी बाईंचं ऐकू की तुमचं?

आयुष्यात पहिल्यांदा दिवा चालू ठेवून घरी आलो. तेही दुसऱ्याच्या पाठीवर.

सकाळी साडेअकरा. बाईंचा फोन. ट्रान्स्फर पूर्ण. शंभर टक्के. लॉक गेलं, नकाशे उघडले, फोरमनला नकाशात ते दुसरं झाकणही दिसलं. बाई म्हणाल्या, काका, काल बंद केलं नाहीत ना, म्हणून झालं. म्हटलं, योगायोग. खरं तर चोर मला घाबरला.

साहेबांचाही फोन. फार गोड बोलले. म्हणाले, खूप केलंत, आता विश्रांती. किल्ली फोरमनकडे देऊन टाका.

२० मार्च
कंबर सुटली. नव्या इमारतीतून बोलावणं येणार, खात्री आहे. लॉक कसं पडतं याचा माझ्याइतका अनुभव कुणालाच नाही. शर्ट इस्त्री करून ठेवला. माळ्यावरचं सामान काढलं. दुपारपर्यंत परत वर ठेवलं.

२४ मार्च
फोन नाही. आमचा फोन बिघडलाय का बघायला शेजारून मास्तरांना लावायला सांगितलं. वाजला. मास्तर अर्धा तास बोलले, भिंतीपलीकडून तसेही ऐकू येत होते.

२७ मार्च
नव्या इमारतीत सहज गेलो. दारावरच्या माणसाने विचारलं, काम काय? ट्रान्स्फर, म्हटलं. त्याने वहीत लिहिलं, 'बदलीसाठी'. बाई खाली आल्या, हाताला धरून वर नेलं, चहा पाजला. मशीन गुरगुरत होतं. अडकलेलं काहीच नव्हतं. निघताना सवयीने भिंतीवर बटण शोधलं. बाई म्हणाल्या, राहू द्या काका, इथे माणूस बाहेर पडला की दिवे आपोआप जातात.

पडलो बाहेर. गेले.

३१ मार्च, सोमवार
सकाळी पेपर वाचला. दुपारीही वाचला. बाईंना पाठवायच्या मजकुराचा हा चौथा खर्डा:

बाईंना सप्रेम नमस्कार. तिकडे एखादी डिस्क लॉक झाली, ट्रान्स्फर अडकली, तर इकडे मी रिकामाच आहे. कितीही तास लागले तरी चालेल. मी नुसता समोर बसेन. कशालाही हात लावणार नाही, मेन स्विचलासुद्धा नाही. कृपा करून लवकर कळवा.