बाबांच्या दाढीचा आरसा

३ मार्च, सोमवार

आजही बाबांनी माझ्या हातातला वस्तरा ढकलून दिला. "अख्ख्या गिबारा गावाच्या दाढ्या मी केल्या. आता माझे गाल मुलीच्या हातात देऊ?" न्हावी माणूस! डोळे अधू झाल्यापासून साध्या आरशात स्वतःचा चेहरा दिसत नाही — नुसता धुरकट ठिपका.

रेनिएरचा फोन आला. माँतेव्हिदेओत द्राक्षं पिकलीत म्हणे. "इदाल्मिस, कधी येतेस?" तिकडे गेल्यापासून माझा नवरा हेच विचारतो. मी लाइट गेल्याचं बोलत राहिले. बाबांना टाकून कशी जाऊ?

५ मार्च

शाळेतून मोठा अंतर्गोल आरसा आणला. वर्गात शिकवते त्याचा घरात पहिल्यांदाच उपयोग! लांबच्या माडाचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट उमटेपर्यंत मागेपुढे केला — चाळीस सेंटिमीटर. नाभीय अंतर मिळालं, म्हणजे आरशापासून किरण एकवटतात त्या नाभीपर्यंतचं.

बाबा दारातूनच बघायला लागले. "अगं, मला उलटं टांगलंस की!" हसून हसून पोट दुखलं. म्हटलं, नाभीच्या आत या, सुलटे व्हाल. मोठेही दिसाल.

६ मार्च

वीस सेंटिमीटरवर विशालन दोन, म्हणजे चेहरा दुप्पट. नाक आरशाला टेकवलं तर होता तेवढाच चेहरा. तिथून हळूहळू मागे, तीसवर — चौपट! बाबा हरखले. "मागे सरकलो की मोठा होतो? काहीतरीच!" आणखी मागे गेले, आणि चाळीसवर सगळं विरघळलं. "मी कुठे गेलो?" खरंच घाबरले होते. खांदे धरून पुढे आणलं.

मग गालावरून बोटं फिरवत म्हणाले, "एवढा म्हातारा झालो होय? बोलली नाहीस कधी."

७ मार्च

रेनिएरच्या हनुवटीवरचा व्रण डावीकडे की उजवीकडे? आठवेना. फोनवर विचारायची लाज वाटली.

९ मार्च

बाबांनी त्या आरशात स्वतःच दाढी करायला घेतली आणि गाल कापून घेतला. मी धावले तर — "बाहेर हो! बघत बसू नकोस!"

१२ मार्च

घरी आले तर कॉफी तयार. बाबा गुळगुळीत. "हात लावून बघ." एक खुंट नाही! मग म्हणाले, "दाढी जमली. कॉफी जमते. आता रेनिएरला सांग, येते म्हणून."

त्यांच्या गालावरचा हात मला काढवेना.